दुसऱ्या खिळ्यावरची पाटी

कार्तिक लागला की मला ओल्या मुरमाचा वास येतो. मी राहतो दादरला, तिसऱ्या मजल्यावर, आणि आसपास मुरूम औषधालाही नाही. समोर एक इमारत पाडताहेत, तिची धूळ तेवढी घरात येते. तरी सकाळची हवा जरा गार झाली, चादर ओढून घ्यावीशी वाटली, की तो वास येतोच. पाणी मारलेला लाल मुरूम, त्यावरून फिरलेला रूळ आणि कडेला बादलीत कालवलेला चुना. सूनबाई म्हणते, "नाना, तुम्हाला ऐकू कमी येतं, पण नाक मात्र तिखट आहे." अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी कोणतं इंद्रिय शाबूत राहावं हे आपल्याला विचारतो कोण!

यंदा त्या वासात मुक्तानं भर घातली. मुक्ता माझ्या थोरल्या भावाची, दादाची नात. रविवारी येते, जेवते आणि टीव्हीवर टेनिस लावून बसते. परवा ती मैत्रिणीशी फोनवर तावातावानं भांडत होती. विषय काय, तर जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलेले पण पहिला कधीच न झालेले खेळाडू. त्यांच्यात मोठा कोण? तिनं वहीत रकाने आखले होते. फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"आजोबा, एकाच्या नशिबी त्याच्याच काळात त्याच्याहून मोठा खेळाडू आला. दुसऱ्याचा गुडघा गेला. तिसरा नुसता घाबरला. आता यांची तुलना करायची कशी?"

"करू नये," मी म्हणालो.

"असं कसं? काहीतरी माप असेलच ना?"

मी पेपर तोंडापुढे धरला. तिचा एक रकाना राहिला होता, पण तो तिला सांगायचा धीर मला झाला नाही. काही माणसं वर पोचत नाहीत कारण त्यांच्या घरातलंच कोणीतरी आडवं येतं.

आमचा क्लब गिरगावात होता. क्लब म्हणायचं आपलं. एका वाडीच्या मागं दोन कोर्टं, पत्र्याची एक शेड, चार बाकं आणि एक फळा. पावसाळ्यात कोर्टांचा चिखल व्हायचा. दसऱ्याच्या सुमारास नवा मुरूम पडायचा, रूळ फिरायचा, आणि दिवाळी संपली की पांढऱ्या पॅंटी बाहेर निघायच्या. फळ्यावर बारा खिळे, एकाखाली एक, आणि प्रत्येकाला टांगलेली एकेक पत्र्याची पाटी. आपल्या वरच्या पाटीला आव्हान द्यायचं. पंधरा दिवसांत सामना झालाच पाहिजे. जिंकलं तर पाट्यांची अदलाबदल. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहायची, न येणारा हरला. आणि जिंकणाऱ्यानं आपली पाटी आपल्या हातानं लावायची नाही, असाही एक रिवाज होता. ती लावायचा मी. मला खेळ बेताचाच यायचा, बाराव्या खिळ्यालाही माझा हात कधी पोचला नाही, म्हणून मी निःपक्षपाती समजला जात असे. फोर्टात कारकुनी करणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलाला तेवढा मानही पुष्कळ वाटायचा.

पहिल्या खिळ्यावर जयंतीभाई. भुलेश्वरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. उंच, सडपातळ, बोलायला मऊ आणि सर्व्हिस मात्र कानाजवळून सणसणत जाणारी. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. दुसऱ्या खिळ्यावर दादा. सलग पाच हिवाळे तो तिथंच होता. वर जयंतीभाई, खाली बाकीची दुनिया, आणि मध्ये आमचा दादा, पोळीत अडकलेल्या पुरणासारखा. प्रत्येक मोसमात एकदा आव्हान द्यायचा आणि प्रत्येक मोसमात तीन सेटपर्यंत जाऊन हरायचा. हरला की जयंतीभाईंच्या खांद्यावर हात टाकून बाहेर यायचा, आणि घरी आल्यावर वहिनीनं वाढलेलं न बोलता जेवायचा.

मुक्ताच्या तिसऱ्या रकान्यातलं माणूसही आमच्याकडे होतं. करंदीकर मास्तर, क्लबचे सेक्रेटरी. तरुणपणी तेही दुसऱ्या खिळ्यावर होते. शेवटच्या सेटमध्ये पाच-दोन पुढं असताना त्यांचा हात जो थरथरायला लागला तो लागलाच; सामना गेला, आणि पुन्हा त्यांनी आव्हान म्हणून दिलं नाही. त्यानंतर मास्तरांनी नियमांची वही छातीशी धरली. कोर्टावर जे निसटलं ते वहीत पकडून ठेवायला निघाले होते बहुतेक.

आणि या दोघांहून, खरं तर जयंतीभाईंहूनही चांगला खेळणारा माणूस फळ्यावर नव्हताच. सखाराम. तो आमचा मार्कर, म्हणजे पगार घेऊन मेंबरांशी खेळणारा, त्यांना शिकवणारा. डिलाईल रोडला राहायचा. त्याचे वडील ज्या गिरणीत होते तिथं साहेबलोकांचं कोर्ट होतं, तिथं तो खेळ शिकला. पगार घेणाऱ्याला फळ्यावर जागा नाही, असं मास्तरांच्या वहीत होतं. शेडमध्ये त्याचा पाण्याचा पेला वेगळा असायचा, ते मात्र वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्ही सगळे सुधारकी विचारांचे, मुंबईतले, आणि कोणाच्याही तोंडून त्याबद्दल शब्द निघाला नाही. माझ्याही नाही. मी एकदा त्याला म्हटलं, "सखाराम, तू असतास तर एक नंबर तूच." तो नेट आवळत होता. म्हणाला, "मंग फळा उलटा टांगावा लागंल, मधूभाऊ. मास्तरांना झ्येपायचं न्हाई." आणि हसला. मीही हसलो, आणि घरी गेलो.

ज्या हिवाळ्याबद्दल मी बोलतोय त्या हिवाळ्यात दादाचा उजवा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा मोसम खेळा, पुढं नाही. तीस वर्षांचा होता तो. घरी येऊन त्यानं वहिनीला नाही, मला सांगितलं. "मधू, एकदाच रे. एकदा त्याला हरवायचंय. मग ठेवतो रॅकेट माळ्यावर." डिसेंबरभर सकाळी सखाराम त्याच्याकडून एकच गोष्ट करून घेत होता. जयंतीभाईंच्या बॅकहँडला खांद्याच्या वर उसळणारा चेंडू. शंभर मारले की पुन्हा शंभर. जानेवारी उजाडेपर्यंत ते असे पडायला लागले की सखाराम नेटपलीकडून ओरडायचा, "आता झालं, सायेब! आता येऊ द्या त्यांना!" दादाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आव्हान दिलं. जयंतीभाईंच्या घरी कार्य होतं, म्हणून पंधराव्या दिवसाचा रविवार ठरला, सकाळी साडेसात.

आणि सामन्याच्याच आठवड्यात रेडिओवर ती घोषणा झाली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. ट्राम बंद पडलेली, रुळांवर काचांचा खच. जळक्या टायरचा वास, जो केसांत बसायचा आणि धुतला तरी जायचा नाही. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून घोषणा. त्यात मीही होतो, घसा बसेपर्यंत होतो, आणि त्याची मला आजही लाज नाही. आमचं मागणं न्याय्यच होतं. गोळीबार झाला. शेजारच्या वाडीतला, माझ्याबरोबर शाळेत असलेला एक जण सकाळी चप्पल घालून खाली उतरला तो परत आला नाही. त्याची आई दोन दिवस कठड्याला धरून उभी होती, तिला आत न्यायला कोणी धजत नव्हतं. नाक्यानाक्यावर आमचीच पोरं उभी असायची, डोळे तारवटलेले, आणि गुजराती नाव असलेल्या दुकानाकडे ज्या नजरेनं पाहायची ती नजर मी त्यांच्या डोळ्यांत पूर्वी कधी पाहिली नव्हती. ती पोरं वाईट नव्हती. त्यांच्याशी मी लहानपणापासून गोट्या खेळलो होतो.

दादा घरात फेऱ्या मारायचा. चळवळीचं त्यालाही होतंच, पण मध्येच थांबून म्हणायचा, "सामना होईल का रे?" आणि मग स्वतःच ओशाळायचा. माणसं मरताहेत आणि आपण टेनिसचा विचार करतोय, असं त्याला वाटत असणार. मला त्याची कीव यायची.

शनिवारी दुपारी, कर्फ्यू थोडा सैल झाला तेव्हा, फुलवाली गंगूबाई भुलेश्वरहून आली. पुडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आत कागद हाय, तुमालाच दिऊक सांगितलंनी." झेंडूच्या फुलांत चिठ्ठी होती. जयंतीभाईंची.

"मधू, उद्या मी येतोच. तारीख पुढं ढकला म्हणणार नाही, तुझ्या दादाचा गुडघा मला ठाऊक आहे. पण घरचे गिरगावात एकट्याला सोडत नाहीत. ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत मी येईन. तिथून तू माझ्याबरोबर चल. तू सोबत असलास की तुमच्याकडचं कोणी काही बोलणार नाही. दादाला सांगू नको. तो सामनाच रद्द करेल."

चिठ्ठी मी चुलीत टाकली आणि रात्रभर स्वतःला सांगत राहिलो की दहा मिनिटांची तर वाट आहे.

रविवारी सकाळी वहिनीनं दादाला खळ घातलेली पॅंट काढून दिली. तो अर्धा कप चहा प्यायला, रॅकेट वाकू नये म्हणून लावलेली लाकडी चौकट सोडवून त्यानं ताती बोटानं दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "मी पुढं होतो. तू ये." सात वाजता कर्फ्यू उठला तसा तो गेला. मी खाली उतरलो. ठाकुरद्वारचा रस्ता इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. अंगाला गारवा होता आणि पायाखाली काच करकरत होती.

नाक्याच्या अलीकडे आमच्या वाडीतली तीन पोरं उभी होती. पलीकडच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या फळीला पाठ लावून जयंतीभाई. पांढरेशुभ्र कपडे, काखेत खोळ घातलेली रॅकेट. रॅकेट हातात घेऊन कोणी त्या आठवड्यात रस्त्यावर उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी मला पाहिलं आणि रॅकेट वर केली.

"काय मधू, एवढ्या सकाळी कुठं?" तिघांपैकी एकानं विचारलं. आवाजात काही नव्हतं, साधंच विचारलं.

मी म्हणालो, "दूध मिळतंय का बघतो."

"आज कुठलं दूध रे! जा घरी."

आणि मी वळलो. एवढंच घडलं. कोणी मला धरलं नाही, धमकावलं नाही. मी रस्ता ओलांडून जयंतीभाईंच्या शेजारी उभा राहिलो असतो तर त्या तिघांनी मला काय केलं असतं? बहुधा काही नाही. पण त्यांनी पाहिलं असतं. त्यांच्यातल्याच एकाच्या मावसभावाला गोळी लागली होती, आणि मी त्यांच्या देखत एका भुलेश्वरच्या माणसाला सोबत घेऊन टेनिस खेळायला चाललो असतो. माझे पायच वळले. परत पाहिलंही नाही. आता लोक म्हणतात, काळच तसा होता. काळ तसा होता हे खरं, पण पाय माझे होते.

मग दादाचा सामना? तो त्या क्षणी माझ्या डोक्यात होता का? साठ-सत्तर वर्षं मी हे स्वतःला विचारतोय. न आलेला हरतो, म्हणजे दादा पहिला होतो, हा विचार वळण्याआधी आला की वळल्यानंतर, ते मला आता नक्की सांगता येत नाही. कधी वाटतं आधीच आला होता. तसं असेल तर मी भित्रा तर आहेच, वर आणखी काहीतरी आहे.

कोर्टावर पोचलो तेव्हा सखारामनं रूळ फिरवून, चुन्याच्या ताज्या रेघा मारून ठेवल्या होत्या. दंगलीमुळे डिलाईल रोडला जाता येत नव्हतं म्हणून तो चार दिवस शेडमध्येच झोपत होता. दादा नेटजवळ उभा होता, एका पायावरून दुसऱ्यावर. मास्तर घड्याळ धरून बाकावर. मेंबर म्हणाल तर पाच-सहा. आठ वाजले.

"मास्तर, दिवस कसले आहेत बघा," दादा म्हणाला. "पुढचा रविवार द्या त्याला."

"त्यानं मागितला असता तर दिला असता," मास्तर म्हणाले. "निरोप नाही, माणूस नाही. कोर्ट उघडं आहे, तुम्ही हजर आहात. नियम काही माझ्या घरचा नाही."

दादा माझ्याकडे वळला. "मधू, जयंतीनं काही निरोप पाठवला होता का रे? तुला काही कळलं?"

"नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली, आणि मी पाट्या बदलल्या. दादाची वर, जयंतीभाईंची खाली. पत्रा गार होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं मात्र "बरं झालं, फळ्यावर तरी मुंबई आपली" असं म्हटलं. दादा त्याच्याकडे असा पाहत राहिला की तो गृहस्थ चहा घ्यायला निघून गेला. सखारामनं विचारलं, "रेघा पुसू का?"

पुढचे दोन महिने फळ्यावर एक विचित्र खेळ चालला. दादा सकाळी येऊन आपली पाटी काढून दुसऱ्या खिळ्यावर ठेवायचा. मास्तर संध्याकाळी येऊन ती वर लावायला मला सांगायचे. दादानं जयंतीभाईंना आव्हान द्यायची परवानगी मागितली. वरच्यानं खालच्याला आव्हान देता येत नाही, मास्तरांनी पान काढून दाखवलं. बोलणार काय! वही बरोबर होती, मास्तर बरोबर होते, फळाही बरोबर होता. फेब्रुवारीत जयंतीभाईंचा राजीनामा आला, दोन ओळींचा, सर्वांना नमस्कार कळवणारा. दादा त्यांना भेटायला भुलेश्वरला गेला. परत आल्यावर म्हणाला, "चहा दिला, खाखरा दिला, आईनं तब्येत विचारली. टेनिसचं काही बोलला नाही. आता दुसरीकडे खेळणार म्हणतो." जयंतीभाईंनी माझं नाव घेतलं नाही असं मी त्यावरून समजलो. मला हलकं वाटायला हवं होतं. पण त्या माणसाच्या गप्प बसण्याखाली मी जो दबलो तो दबलोच.

मेपर्यंत गुडघा पार गेला. दादानं रॅकेट माळ्यावर टाकली. त्या दसऱ्याला सखाराम मुरूम टाकायला आला नाही. तो घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षेला गेला होता. तिथून आला तो नोकरी सोडायलाच. जाताना शेडमधला आपला वेगळा पेला त्यानं मास्तरांच्या देखत आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला आणि म्हणाला, "ह्यो ऱ्हाऊ द्या तुमाला." चार वर्षांनी मुंबई महाराष्ट्राला मिळाली. रोषणाई पाहायला मी आणि दादा गेलो. मला खरोखर आनंद झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्या गर्दीत मी पांढऱ्या कपड्यातला एक उंच माणूस शोधत होतो, आणि तो दिसू नये अशीही इच्छा करत होतो.

"आजोबा, तुम्ही पहिला नंबर होतात ना?" मुक्ता लहानपणी विचारायची. दादा दर वेळी म्हणायचा, "नाही गं, दुसरा." फळा, क्लब, वाडी, सगळं जाऊन तिथं टॉवर उभा राहिला तरी तो हेच सांगायचा. मी शेजारी बसून सुपारी कातरायचो. सांगावं असं हजारदा वाटलं. त्याच्या एकसष्टीला वाटलं, वहिनी गेली तेव्हा वाटलं. दर वेळी वाटायचं, आता सांगून त्याला काय मिळणार? मला मोकळं वाटेल आणि त्याला भाऊ उरणार नाही.

मग दादाची स्मृती जायला लागली. शेवटच्या वर्षी तो माणसं विसरला, घर विसरला, जेवलेलं विसरला. मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती, त्याच्याजवळ बसून चित्रं काढायची. एक दिवस मी गेलो तेव्हा तो उशीला टेकून तिला काहीतरी रंगवून सांगत होता. मी जवळ बसलो. सामना चालला होता. जयंतीभाईंशी.

"तिसऱ्या सेटला चार-चार. गुडघा असा ठणकतोय. मी उंच टाकतोय त्याच्या बॅकहँडला, सखारामनं शिकवलेलं, आणि तो घेतोय गं, वाकून वाकून घेतोय! शेवटी सहा-चार. हरलो." आणि इतकं निर्मळ हसला की मुक्ताही हसली. "काय खेळला जयंती!"

"पण आजोबा, बाहेर तर गोळीबार चालला होता ना? मग ते आले कसे?"

"आले कसे म्हणजे? आपला मधू नाही का गेला आणायला? ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत. चिठ्ठी आली होती त्याला, फुलांच्या पुडीतनं."

मी त्या चिठ्ठीबद्दल आयुष्यात कोणाजवळ बोललो नव्हतो. गंगूबाईला वाचता येत नव्हतं. म्हणजे जयंतीभाईंनीच सांगितलं होतं, त्या फेब्रुवारीत, चहा पिताना. आणि दादा घरी येऊन माझ्याशेजारी जेवायला बसला होता. त्यानंतर पन्नास वर्षं बसत होता. माझ्या लग्नात माझ्या मागं उभा राहिला, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन चौपाटीवर गेला, आणि "दुसरा नंबर" म्हणताना एकदाही त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आता विचारायचं तरी कोणाला? जो माणूस मला माफ करू शकला असता किंवा कानाखाली देऊ शकला असता तो त्या डोक्यात उरलाच नव्हता. उरला होता तो जयंतीभाईंशी खेळून, हरून, सुखानं दमलेला कोणीतरी.

मुक्तानं मला विचारलं, "खरंच गेला होतात तुम्ही?"

मी दादाचं पांघरूण सारखं करायला लागलो. तेवढ्यात दादानं माझा हात धरला. त्याचा तळवा उष्ण होता. माझ्याकडे पाहून, मला नीट ओळखून, त्यानं काळजीनं विचारलं, "मधू, परत जाताना सोडलंस ना रे त्याला? एकट्याला पाठवू नकोस हं."

"सोडलं, दादा," मी म्हणालो. "घरापर्यंत सोडलं."